फूरिये आणि आमच्या घरातला सेट-टॉप बॉक्स

एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री ज्या माणसाला आपण सगळ्यांनी मनापासून शिव्या दिल्या आहेत, त्याच्याबद्दल मी लिहिणार आहे. आपण त्याला फोरियर म्हणतो. फ्रेंच लोक फूरिये म्हणतात. जोसेफ फूरिये. सेकंड इयरला त्याची सिरीज आणि ट्रान्सफॉर्म, थर्ड इयरला हीट ट्रान्स्फरमध्ये त्याचा उष्णतावहनाचा नियम. म्हणजे एकाच माणसाने दोन वर्षं आपला पिच्छा पुरवलेला. पण हे दोन्ही फूरिये एकच, हे खरं सांगायचं तर मला मागच्या मे महिन्यापर्यंत लक्षातच आलं नव्हतं. ते आमच्या सांगलीच्या घरी, टीव्हीच्या शोकेससमोर मांडी घालून बसलेली असताना लक्षात आलं.

झालं असं. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घरातच असते. दुपारी चारला टीव्ही लागतो तो रात्री दहाला बंद होतो, आणि त्यात साडेआठची सिरियल म्हणजे देवपूजेइतकी पक्की. नेमकं त्याच वेळी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि शेवटी सगळं गोठून जायचं. बाबांनी वायर हलवून पाहिली. केबलवाला आला, त्याने मागचा कनेक्टर काढून पुन्हा पिळला आणि बॉक्स गेलाय, नवीन घ्या, असं सांगून निघून गेला. मला एकच गोष्ट खटकत होती. सकाळी हाच बॉक्स अगदी व्यवस्थित चालायचा. वायर सैल असती किंवा सिग्नल कमी असता तर तो सकाळीही अडखळला असता. चार तास चालल्यावरच बिघडतो याचा अर्थ काय? मी शोकेसचं काचेचं दार उघडून बॉक्सवर हात ठेवला. चटका बसला नाही, पण हात फार वेळ ठेवताही येईना.

बॉक्सच्या वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल होता. रुमालावर छोटा गणपती. त्याच कप्प्यात, बॉक्सला चिकटून, वायफायचा राउटर. आणि धूळ जाऊ नये म्हणून काचेचं दार कायम बंद. बॉक्सच्या डोक्यावर आणि पोटाला ज्या बारीक फटी असतात, त्या कंपनीने शोभेसाठी पाडलेल्या नसतात. वरच्या रुमालाने झाकलेल्या, खालच्या प्लायवर टेकलेल्या. बिचारा श्वास कुठून घेणार?

मी हीट ट्रान्स्फरचं पुस्तक काढलं. आणि पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात हा माणूस बसलेला.

फूरियेचा जन्म 21 मार्च 1768 चा, फ्रान्समधल्या ओसेर गावचा. वडील शिंपी. घर मोठं, पैसा बेताचा. नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. गावातल्या ओळखीच्या लोकांनी त्याला तिथल्या लष्करी शाळेत घालायची सोय केली. ही शाळा बेनेडिक्टाइन साधू चालवत असत. (मी स्वतः बारावीपर्यंत सिस्टर्सच्या हाताखाली शिकले, त्यामुळे तिथली शिस्त कशी असेल याची मला थोडीफार कल्पना आहे.) तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याला गणिताचं वेड लागलं. रात्री दिवे मालवल्यानंतर अभ्यास करता यावा म्हणून तो स्वयंपाकघर, जेवणघर, व्हरांडा अशा सगळीकडून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करायचा आणि आडोशाला बसून त्या उजेडात गणितं सोडवायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. आपल्या हॉस्टेलमध्ये लाइट गेल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून सबमिशन लिहिणारे आहेत, त्यांच्यात तो सहज खपला असता.

त्याला तोफखान्यात किंवा इंजिनिअर्समध्ये जायचं होतं. पण तो शिंप्याचा मुलगा. त्या काळात फ्रान्समध्ये या जागांसाठी उमराव घराणं लागायचं, बुद्धी नंतर. अर्ज नाकारला गेला. मग 1787 मध्ये तो साधू व्हायला मठात गेला. शपथ घेण्याआधीच 1789 ची क्रांती झाली आणि तो मठ सोडून परत गावी येऊन शिक्षक झाला. क्रांतीच्या स्थानिक समितीत शिरला. ज्यांना पकडलं होतं त्यांच्यातल्या काहींची बाजू घेतली म्हणून 1794 मध्ये स्वतःच तुरुंगात गेला. त्या दिवसांत तुरुंगातून पुढची पायरी गिलोटिनचीच असायची. जुलैच्या शेवटी रोब्सपिएरचंच डोकं उडालं आणि फूरिये सुटला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं डोकं तेव्हा गेलं असतं तर एम-थ्रीचा सिलॅबस छोटा झाला असता, असा विचार आमच्या बॅचमधल्या एकाने बोलून दाखवला आहे. मी त्याला पुढे सेट-टॉप बॉक्सचं सांगितलं तेव्हा तो गप्प बसला.

पुढचं सगळं भराभर घडलं. 1795 मध्ये पॅरिसला नव्या शिक्षक-शाळेत लाग्रांज, लाप्लास आणि मोंज यांच्यासारखे शिक्षक मिळाले. लगेच एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला आणि 1797 मध्ये लाग्रांजच्या जागेवर बसला. 1798 मध्ये नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली तेव्हा सैन्याबरोबर शास्त्रज्ञांचा एक जथाही नेला, त्यात फूरिये होता. कैरोच्या इन्स्टिट्यूटचा तो सेक्रेटरी झाला. तीन वर्षं इजिप्तच्या उन्हात काढून 1801 मध्ये परतला. त्याला पॅरिसला पोरांना शिकवायला परत जायचं होतं, पण नेपोलियनने 1802 मध्ये त्याला आल्प्सच्या पायथ्याशी ग्रनोबलला, आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी म्हणून पाठवून दिलं. दलदली कोरड्या करा, रस्ते बांधा, गावोगावच्या लोकांची समजूत काढा. ही कामं त्याने चांगली केली. आणि ऑफिस संपल्यावर घरी लोखंडाचं कडं तापवून त्यात ठिकठिकाणी थर्मामीटर खोचून बसायला लागला.

लोखंड एका जागी तापवलं तर उष्णता पुढे कशी सरकते? कुठे किती वेळाने किती तापमान होईल? या प्रश्नावर त्याने जे लिहिलं ते 21 डिसेंबर 1807 ला पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे वाचलं गेलं. तपासायला कोण? लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्रवा. म्हणजे ज्यांच्याकडे शिकला तेच परीक्षक. आपल्या ओरलला एक एक्स्टर्नल आला तरी पोटात गोळा येतो, इथे अख्खी टेक्स्टबुकं समोर बसलेली.

आणि त्यांनी मान्य केलं नाही. फूरियेचं म्हणणं असं होतं की तापमानाचा आलेख कसाही असू दे, मध्येच कोपरा असू दे, उडी असू दे, तो साइन आणि कोसाइनच्या लाटा एकावर एक रचून बनवता येतो. लाग्रांजला हे पटेना. साइनची लाट गुळगुळीत. गुळगुळीत गोष्टींची बेरीज करून टोकदार कोपरा कसा येईल? तसा हा प्रश्न बरोबरच होता. बिओ नावाच्या आणखी एका शास्त्रज्ञाने वेगळी तक्रार केली. त्याने आधी याच विषयावर काम केलं होतं. निबंध छापलाच गेला नाही.

फूरियेने सोडलं नाही. इन्स्टिट्यूटने याच विषयावर बक्षीस लावलं तेव्हा 1811 मध्ये त्याने वाढवून, सुधारून पुन्हा पाठवलं. बक्षीस मिळालं, पण पद्धतीत काटेकोरपणा कमी आहे असा शेराही बरोबर आला. परत छपाई नाही. मधल्या काळात नेपोलियन पडला. 1815 मध्ये तो एल्बाहून परतताना ग्रनोबलकडे यायला लागला, तेव्हा कोणाच्या बाजूने उभं राहायचं हेच फूरियेला कळेना. तो गाव सोडून निघाला. नेपोलियनने त्याला पकडून आणवलं, पण शिक्षा न करता ल्योनकडच्या भागाचा अधिकारी केलं. तेही त्याने थोड्याच दिवसांत सोडलं. राजा परत आला तेव्हा फूरियेकडे ना नोकरी ना पेन्शन. एका जुन्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या आकडेवारीच्या ऑफिसात लावून घेतलं म्हणून निभावलं. अकादमीवर 1816 ला निवडून आला तर राजाने नाव नाकारलं, 1817 ला पुन्हा निवडून आला. शेवटी 1822 मध्ये त्याचा उष्णतेवरचा ग्रंथ छापून झाला. 1807 ते 1822. पंधरा वर्षं. लाग्रांज तर 1813 मध्येच गेला होता. ती लाटांची बेरीज कोणत्या अटींवर खरी ठरते हे पुढे डिरिक्लेने 1829 मध्ये नीट सिद्ध केलं. तोही पॅरिसमध्ये फूरियेच्या सहवासात राहिलेला.

आता बॉक्सकडे येते. आमच्या कप्प्याची मापं घेतली: रुंदी 45, खोली 40, उंची 20 सेंटीमीटर. बॉक्स आणि राउटर मिळून साधारण 15 वॉट. प्लाय 18 मिलिमीटर. काचेचं दारही प्लायच धरून फूरियेच्या नियमात आकडे घातले, तर आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागात फक्त 3 अंशांचा फरक आला. मला वाटलं माझं उत्तर चुकलं. कारण आमच्याकडे तापमान दाखवणारं एक डिजिटल घड्याळ आहे, ते मी आत ठेवून पाहिलं होतं. खोलीत 36 अंश, कप्प्यात 49.

उत्तर चुकलं नव्हतं, प्रश्न अर्धा होता. प्लायचा अडथळा एवढाच नाही. प्लायला आतून आणि बाहेरून चिकटून जी हवा उभी असते, तिचा अडथळा लाकडापेक्षा जास्त. त्यात आमच्या कप्प्याची मागची बाजू भिंतीला आणि एक बाजू शेजारच्या भरलेल्या कप्प्याला लागून. गंमत म्हणजे हे फूरियेच्या पुस्तकात आहे. पदार्थाच्या आतून उष्णता जाणं वेगळं आणि पृष्ठभागावरून हवेत जाणं वेगळं, हे त्याने दोन वेगळ्या अक्षरांनी मांडलं. या दोन्ही अडथळ्यांचं गुणोत्तर आपण परीक्षेत काढतो, त्याला नाव मात्र तक्रार करणाऱ्या बिओचं: बायोट नंबर. फूरियेच्या नावाचा नंबर वेगळा आहे. पुस्तकात दोघं शेजारीशेजारी येतात. जिवंतपणी त्यांचं फारसं पटलं नाही.

आणि चित्राचे ते चौकोन? हा भाग मला इलेक्ट्रॉनिक्सच्या रूममेटने समजावला. डिजिटल चित्र पाठवताना त्याचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा कोसाइनच्या लाटांची बेरीज म्हणून लिहितात. सिरियलमधल्या नायिकेचा गाल असेल तर दोन-चार लाटांत काम भागतं, पैठणीचा काठ असेल तर पुष्कळ लागतात. ज्या लाटा डोळ्याला जाणवणार नाहीत त्या टाकून देतात. ही पद्धत नासिर अहमद, नटराजन आणि के. आर. राव यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केली. तिघंही मूळचे आपल्याकडचे. नव्या बॉक्समध्ये तिचीच सुधारलेली रूपं असतात. बॉक्सचं काम उलटं: आलेल्या आकड्यांवरून लाटा पुन्हा रचून चित्र उभं करायचं, सेकंदाला पंचवीस वेळा. म्हणजे लाग्रांजला जी बेरीज पटली नव्हती, तीच आमच्या शोकेसमध्ये दुपारी चार ते रात्री दहा चालू होती. ती करताना चिप तापत होती. तापलेली चिप चुका करायला लागली की चौकोन दिसायचे.

फूरियेचं आणखी एक काम आहे, ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही. 1824 मध्ये त्याने पृथ्वीच्या तापमानावर एक निबंध लिहिला. सूर्यापासून मिळणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांचा विचार करताना वातावरण पृथ्वीला ऊबदार ठेवतं, हे त्याने मांडलं. म्हणून आज हरितगृह परिणामाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानावर असतं. त्या निबंधात त्याने सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाच्या एका पेटीचा उल्लेख केला आहे. लाकडी पेटी, आतून काळी, वर काचा, उन्हात ठेवली की आतलं तापमान चढत जातं. का चढतं याचं एक कारण त्याने असं दिलं की आतली हवा कोंडलेली असते, ती बदलत नाही, त्यामुळे मिळालेली उष्णता तिथेच साठत राहते. लाकूड, काच, कोंडलेली हवा. मी आमच्या शोकेसकडे बघितलं.

एवढं सगळं ज्याला कळलं होतं, तो स्वतः कसा राहायचा? इजिप्तहून आल्यापासून त्याला सारखी थंडी वाजायची. काहींच्या मते तिथे जडलेला काही आजार असावा. उष्णता तब्येतीला चांगली, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पॅरिसच्या घरात खोल्या नको तेवढ्या तापवलेल्या, दारं-खिडक्या बंद, अंगावर एकावर एक कपडे. भेटायला येणाऱ्यांना गुदमरायचं. दम लागणं, छातीचा त्रास वाढत गेला. मे 1830 मध्ये जिना उतरताना तो पडला आणि 16 मे रोजी गेला. बासष्ट वर्षांचा होता. त्या बंद घरात आणखी एक गोष्ट हरवली. एव्हारिस्त गाल्वा नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने अकादमीच्या बक्षिसासाठी पाठवलेला निबंध वाचण्यासाठी म्हणून फूरियेकडे होता. तो कधीच सापडला नाही. ज्याचा स्वतःचा निबंध पंधरा वर्षं अडकला होता, त्याच्याच हातून हे व्हावं, हे वाचून मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. ओसेरमध्ये पुढे त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला होता, तो दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांसाठी वितळवला. उष्णतेने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही म्हणायची.

आमच्या बॉक्सचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण हॉस्टेलच्या टीव्ही रूममधला बॉक्सही मी बघितला आहे आणि त्याच्यावर वर्तमानपत्रांची रद्दी आहे. राउटर बाहेर काढून शोकेसच्या माथ्यावर ठेवला. रुमाल आणि गणपती हलवले. बॉक्सखाली चार रबरी बुचं ठेवली, म्हणजे खालच्या फटी मोकळ्या झाल्या. वर आणि बाजूला 10 सेंटीमीटर जागा सोडली. दार काढून टाकायला बाबा तयार नव्हते, धूळ जाईल म्हणून. मग सुताराला बोलावून काच काढली आणि तिथे जाळी बसवली. मागच्या प्लायला वरच्या बाजूला ड्रिलच्या गोल कटरने दोन भोकं पाडली आणि शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली. गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर पडायची वाट वर हवी, पण तिच्या जागी गार हवा आत यायला खालीही वाट हवी. नुसती वर भोकं पाडून उपयोग नसतो. रात्री झोपताना मेन स्विच बंद करायची सवय लावली, कारण रिमोटने बंद केलेला बॉक्स बऱ्याचदा आत चालूच असतो आणि तापतही राहतो. बॉक्समधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं होतं असा एक ठोकताळा आहे, तो बाबांना सांगितल्यावर ही सवय ताबडतोब लागली. कप्प्यात आता 39 अंश. नवीन बॉक्स घ्यावा लागला नाही. केबलवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला की योगायोग असेल.

आजीला मी सिरियलच्या जाहिरातींमध्ये फूरियेची गोष्ट तुकड्यातुकड्याने सांगितली. तिला सिरीज वगैरेमध्ये रस नव्हता, ते साहजिक आहे. तिलाही हल्ली थंडी वाजते आणि तिच्या खोलीची खिडकी मेमध्येसुद्धा बंद असते, म्हणून बंद खोल्यांचं मी जरा तिखटमीठ लावून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, त्याला घरात कोणीच नव्हतं का खिडकी उघडणारं. मी सांगितलं, त्याने लग्न केलं नव्हतं.

त्यानंतर खिडकीची एक फळी उघडी असते. क्रोशाचा रुमाल मात्र वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून तिने तो राउटरवर घातला आहे. राउटरलाही फटी असतात, हे आता दिवाळीत घरी गेल्यावर सांगायचं आहे.